इराण्याकडे दुपारचं जेवण कसं करावं

इराण्याकडे, म्हणजे इराणहून आलेल्या लोकांच्या चहाच्या हॉटेलात, दुपारी एक ते दोन या वेळात पाऊल टाकू नका. तेव्हा आसपासची सगळी ऑफिसं तिथे लोटलेली असतात. तुमच्या खुर्चीमागे दोघं जण उभे राहून तुमचे घोट मोजत असतात आणि वेटरला मान वर करायला फुरसत नसते. पावणेबाराला जा. सकाळी चढवलेला खिमा तोवर मुरलेला असतो आणि संपलेलाही नसतो. ते जमत नसेल तर अडीचनंतर जा. खिमा मिळेलच असं नाही, पण बसायला निवांत मिळेल. खिमा आणि निवांतपणा दोन्ही हवं असेल तर ऑफिसातून हाफ डे टाका, दुसरा इलाज नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, पुण्याच्या कॅम्पात. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि जेवायची सुट्टी पाळीपाळीने. एकीला साडेअकराला, तर दुसरीला पावणेतीनला. एरवी आम्ही सगळ्या डबेवाल्याच. पोळी, बटाट्याची भाजी, चटणी, फार तर कोशिंबीर. पण पगार झाला की दुसऱ्या दिवशी ठरवून कुणी डबा आणायचा नाही. ज्यांची सुट्टी एका वेळी त्या एकत्र निघायच्या, आणि कोणाला किती वाजता कुठे काय चांगलं मिळतं याचा हिशोब आमच्याकडे खात्याच्या रजिस्टरपेक्षा चोख असायचा.

आता जायचं कुठे? पुण्यात पूर्वी कॅम्पात दर दोन वळणांवर इराणी होता. आज बोटांवर मोजण्याइतके उरलेत. डेक्कनचं ‘गुडलक’ 1935 पासून आहे आणि त्याच्यामुळे चौकालाच गुडलक चौक म्हणतात. पण तिथे गर्दी असते, बाहेर नाव पुकारण्याची वाट बघावी लागते. पहिल्यांदाच जाणार असाल तर जरूर जा, सवयीचं ठिकाण म्हणून मात्र मी सुचवणार नाही. त्याच्या जवळचं ‘लकी’ गेलं. कॅम्पातलं ‘नाझ’ गेलं, त्याच्या समोशांची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. ‘वोहुमन’ला चीज ऑम्लेटसाठी जावं, आणि सकाळी जावं. बाकी कॅम्पात पायी हिंडा. महात्मा गांधी रस्ता, ईस्ट स्ट्रीट, सेंटर स्ट्रीट आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या. गाडी कुठेतरी लावून टाका, नाहीतर जेवणाची वेळ पार्किंग शोधण्यात जाईल.

पाटीवर इराणी लिहिलंय म्हणून आत शिरू नका. हल्ली ज्याला त्याला इराणी व्हायचंय. चॉकलेट चहा, गुलाब चहा, तंदूर चहा, आणि भिंतीवर जुन्या पुण्याचे काळेपांढरे फोटो चिकटवलेले. अशा एका ठिकाणी मला ब्रून मस्का (कडक पाव, मधे लोणी) म्हणून बर्गरचा पाव टोस्ट करून दिला होता, वर कोथिंबीर. खरं दुकान ओळखायचं ते गल्ल्यावरून. गल्ला दाराशी असतो, उंचावर, आणि तिथे बसलेल्या माणसाला रस्ता, स्वयंपाकघराचं दार आणि सगळी टेबलं एका नजरेत दिसतात. त्याच्या बाजूला काचेच्या बरण्या किंवा काचेचं कपाट, त्यात खारी, नानकटाई, मावा केक. टेबलावर संगमरवर, मधेमधे पिवळा पडलेला. खुर्च्या लाकूड वाकवून केलेल्या, काळपट, हलक्या, पण आपटली तरी काही होत नाही अशा. आणि भिंतीवर आरसे. जागा बहुतेक वेळा कोपऱ्यावरची. असं सांगतात की आपल्याकडचे व्यापारी कोपऱ्याची जागा अपशकुनी समजून घेत नसत, आणि इराणहून आलेल्या या लोकांना तसल्या शकुनाचं काही देणंघेणं नव्हतं. खरंखोटं माहीत नाही, पण दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक त्यांना मिळालं एवढं खरं.

हे लोक मुख्यतः येझ्द आणि केरमान या भागांतून आले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना ‘बावाजी’, म्हणजे पारशी, म्हणायची पद्धत आहे, ती सोडा. यातले काही जरथुष्ट्री आणि काही शिया मुसलमान. याचा जेवणाशी संबंध असा, की कुठलं दुकान कोणत्या सणाला बंद हे मालकावर ठरतं. कुठे पतेतीच्या सुमाराला कुलूप दिसेल, कुठे मोहरमच्या दहाव्या दिवशी. लांबून येणार असाल तर आधी फोन करा.

बसायचं कुठे? एकटे असाल तर रिकामं टेबल शोधत बसू नका, रिकामी खुर्ची शोधा. समोर कुणी बसलेलं असेल तर खुर्चीच्या पाठीला हात लावून नुसतं त्याच्याकडे बघायचं, तो मान हलवतो, झालं. “बसू का? कुणी येणार आहे का?” वगैरे चौकशी करायची गरज नाही. मग त्याच्या ताटात डोकावायचं नाही, त्याच्या पेपरातल्या उलट्या बातम्या वाचायच्या नाहीत (मी वाचते), आणि मोबाइल स्पीकरवर लावायचा नाही. मिठाची नि मिऱ्याची बाटली दोघांच्या मधोमध राहील अशी ठेवायची. पंख्याच्या बरोबर खाली बसू नका, ऑम्लेट गार होतं. दारालगतही नको, तिथे पार्सलवाले उभे असतात. भिंतीकडची बाजू घ्या, म्हणजे पाठ आरशाला आणि समोर सगळं हॉटेल.

बायकांसाठी पूर्वी फॅमिली रूम असायची. म्हणजे मागच्या बाजूला प्लायवूडच्या फळ्या मारून केलेले चार कप्पे, पुढे हिरवा नाहीतर तपकिरी पडदा, आत एक ट्यूब, तीही लुकलुकणारी. आम्ही गेलो की वेटर न विचारता तिकडे हात दाखवायचा. आत पंख्याचं वारं पोचायचं नाही, वेटर आपल्याला विसरायचा, आणि शेजारच्या कप्प्यात कॉलेजातलं एखादं जोडपं तासभर एका चहावर बसलेलं. आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी एक दिवस त्याला सांगितलं, “हम को हवा चाहिए, पडदा नको.” आणि त्या सरळ बाहेरच्या टेबलावर जाऊन बसल्या, त्यांच्यामागे आम्ही. तेव्हापासून बाहेरच. आजही एखाद्या ठिकाणी मागची खोली दिसली आणि कुणी तिकडे बोट दाखवलं, तर एकट्या बाईने बिनदिक्कत पुढे बसावं. कुणी काही म्हणत नाही. उलट गल्ल्यावरच्या माणसाच्या नजरेसमोरची जागा सगळ्यांत चांगली, तिथे वेटर लवकर येतो.

आता मागवायचं काय ते. इथे नवीन माणूस हमखास गडबडतो. पाणी आणून ठेवता ठेवता वेटर विचारतो, “चाय?” आणि माणूस सवयीने हो म्हणतो. चहा दोन मिनिटांत येतो, खिमा दहा मिनिटांनी. तोवर चहा संपलेला, भूक मेलेली, तोंड गोड झालेलं. म्हणून “चाय बाद में” हे वाक्य तयार ठेवा. इराण्याकडचं जेवण चहासाठी असतं. शेवटी चहा आणि त्याच्याबरोबर ब्रून नाहीतर बन, हे आधी पक्कं करायचं आणि मग त्याच्या अगोदर पोटात किती जागा अडवायची ते मागे मागे जात ठरवायचं. दोन डिशेस मागवून वर बन मस्का उरकणारे लोक मला दिसतात. अर्धा बन ताटात टाकून जातात.

एका माणसाचं बेताचं जेवण असं: एक खिमा, दोन पाव. किंवा एक डबल ऑम्लेट, दोन पाव. दोन्ही नको. दोघं असाल तर एक खिमा, एक ऑम्लेट, चार पाव, आणि दोघांनी दोन्हीत हात घालायचा. मग थोडं थांबायचं, मग ब्रून मस्का दोघांत एक, आणि चहा मात्र प्रत्येकी वेगळा.

खिम्याची प्लेट आली की लगेच तुटून पडू नका. आधी बघा. कडेला तेलाची लालसर किनार सुटलेली असली पाहिजे, पण खिमा तेलात पोहत असता कामा नये. दाणा सुटा दिसला पाहिजे. वाटाणे असतात काही ठिकाणी, बटाटा घालणाऱ्याने मात्र बचत केली असं समजावं. बाजूला कांदा आणि लिंबाची फोड असते. लिंबू सगळं एकदम पिळू नका. अर्ध्या खिम्यावर पिळा, अर्धा तसाच ठेवा, कारण पहिल्या पावाला मसाल्याची चव हवी असते आणि दुसऱ्या पावापर्यंत जीभ तिखटाला सरावलेली असते, तेव्हा आंबट लागतं. पाव सुरीने कापायचा नाही. मधून उघडायचा, आतला मऊ भाग खिम्याच्या कडेवर दाबायचा, म्हणजे ती लाल किनार तो पिऊन घेतो, आणि मग कवच उरतं त्यात खिमा उचलायचा. चमचा दिलेला असतो, तो कांद्यासाठी वापरा. पाव कमी पडला तर आणखी एक मागवा, पण अर्धा खिमा उरलेला असतानाच मागवा. शेवटच्या घासाला मागवलेला पाव येईपर्यंत प्लेट उचललेली असते.

ऑम्लेट मसाला ऑम्लेट असतं. कांदा, मिरची, कोथिंबीर, कडा जाळीदार आणि किंचित करपलेल्या. ‘कम मिरची’ म्हणालात तरी मिरची येते. घावनासारखं पातळ असेल तर चांगलं, फुगवून जाड केलेलं असेल तर ते दुसऱ्या कुठल्या तरी हॉटेलचं आहे. अंडाभुर्जी, हाफ फ्राय हेही मिळतं, त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही. अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची ढवळलेली अंडी, मिळाली तर घ्या. ती ओलसर राहिली पाहिजे, कोरडी झाली की तिची भुर्जी होते.

अंड्यावरून आठवलं. आमच्या पेठेत कितीतरी घरांत अंडं आणायचं नाही, पण लकडी पूल ओलांडला की चालायचं. पुलाच्या पलीकडे डेक्कन, डेक्कनला इराणी. पेठेतले अर्धे लोक पहिलं ऑम्लेट तिथे खाऊन वाढले आणि घरी येऊन मुकाट्याने वरणभात जेवले. खाण्यापिण्यावरून या गावाने याहून मोठे घोळ घातलेत. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये कार्यक्रमाला गेलेल्या मोठमोठ्या मंडळींपुढे चहाबिस्किटं ठेवली गेली. रानडे, टिळक त्यात होते. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) हजर असलेल्यांची नावं छापून आणली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा घोळ वर्षानुवर्षं चालला. नुसत्या चहाबिस्किटांवरून! त्या मानाने आमच्या ऑम्लेटला कुणी नावंसुद्धा ठेवली नाहीत, फार तर “तोंडाला कांद्याचा वास कसला?” एवढंच.

शाकाहारी माणसाचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. खरं उत्तर असं की भरपेट जेवण होणार नाही. काही ठिकाणी आता पनीरचं काहीतरी, व्हेज पुलाव वगैरे ठेवतात. ते घेऊ नका, ते करणाऱ्यालाही त्यात रस नसतो. त्याऐवजी बेकरीवर जेवा. एक व्हेज पॅटिस गरम करून, एक बन मस्का, अंडं चालत असेल तर एक मावा केक, दोन चहा. दुपार निघते. मस्का चालत नसलेल्या, म्हणजे डेअरीही न खाणाऱ्या माणसाने मात्र अमृततुल्य चहाच्या दुकानातही जाऊ नये आणि इराण्याकडेही, त्याने घरून डबा न्यावा.

आणि आता चहा. पुण्यात चहा म्हटलं की अमृततुल्य, आणि तो मला आवडतोच. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी इथे रुजवलेला. पितळेच्या पातेल्यात दूध, पाणी, साखर, पूड, वेलची, आलं सगळं एकत्र उकळतं आणि फडक्यातून गाळून कपात. इराणी चहाची रीत अगदी वेगळी. चहाचं पाणी वेगळं, मंद आचेवर बराच वेळ ठेवलेलं, काळं आणि कडवट. दूध वेगळं, आटत आलेलं. दोन्हींची गाठ कपातच पडते. त्यामुळे आलं-वेलचीचा आधार नसतो, चहाची चव उघडी पडते. पूड हलकी असेल तर लपवायला जागा नाही. कडक हवा असेल तर तसं सांगा, कपात काळं पाणी जास्त आणि दूध कमी घालायचं एवढंच त्याला करायचं असतं, वेगळं काही शिजवावं लागत नाही. साखर मात्र बहुधा आधीच पडलेली असते, आणि सढळ हाताने. बिनसाखरेचा पाहिजे तर मागवतानाच बोला.

बरोबर ब्रून घ्यायचा का बन? बन गोडसर, मऊ, कधीकधी मनुका असलेला, तो नुसताही खाता येतो. ब्रून म्हणजे कडक पाव. तो नुसता खाल्लात तर टाळूला ओरखडे पडतील. तो चहासाठीच जन्माला आलाय. वेटर आडवा चिरून, मधे खारा मस्का थापून, तीन-चार तुकडे करून आणतो. मस्का फासलेला नको, थापलेला हवा, चावल्यावर दाताचा ठसा त्यात दिसला पाहिजे. तुकडा धरायचा कडेने आणि चहात बुडवायचा. कवच कडक असल्यामुळे चहा वरून आत जात नाही, कापलेल्या बाजूने आत चढतो. म्हणून कापलेली बाजू खाली. दोन-तीन आकडे मोजा. बाहेर काढला की आत मऊ, वर अजून कुरकुरीत, आणि मस्का वितळायच्या बेतात पण वितळलेला नाही. जास्त वेळ धरलात तर मस्का सुटून चहावर पिवळे ठिपके तरंगायला लागतात. ते काही वाईट नाही, त्या चहाचा शेवटचा घोट खारट-गोड लागतो आणि काही लोक त्यासाठीच मुद्दाम उशीर करतात. बशीत चहा ओतून पिणाऱ्याला हसू नका. गरम चहा आणि सुट्टी संपायला पाच मिनिटं, अशा वेळी बशीसारखा उपाय नाही. आम्ही सगळ्या बशीवाल्या होतो.

उन्हाळ्यात चहा नकोसा होतो तेव्हा रासबेरी मागवा. कॅम्पातल्या अर्देशिरचा सोडा 1884 पासूनचा, पुण्याचा आपला. लाल रंग, गोडी भरपूर, खिम्याबरोबर छान जातो. चहाच्या आधी प्यालात तर चहा फिका लागेल, तेव्हा एक काहीतरी निवडा.

कुणी तुम्हाला म्हणेल की धनसाक नाही खाल्लंत तर काय खाल्लंत. धनसाक हे पारशी घरातलं रविवारचं जेवण, त्यानंतर झोपावं लागतं. चहाच्या हॉटेलात ते शोधू नका. त्यासाठी दस्तुर मेहेर रस्त्यावर दोराबजी आहे, 1878 पासून, तिथे वेगळ्या दिवशी, रिकाम्या पोटी, आणि दुपारी काही काम नसेल असं बघून जा.

घरी काही न्यायचं असेल तर त्याचंही वेळापत्रक आहे. कॅम्पातली कयानी बेकरी दुपारी बंद असते, आणि तिथल्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग असते. तेव्हा आधी कयानी, मग जेवण. जेवून सुस्तावून दीड वाजता तिथे गेलात तर बंद शटर बघून परत यावं लागेल.

राहता राहिलं बिल. टेबलावर बडीशेपेची बशी येईल याची वाट बघू नका, काही ठिकाणी ती येतच नाही. उठायचं, गल्ल्याकडे चालायचं, आणि वेटर मागून ओरडून हिशोब सांगतो, “एक खिमा, तीन पाव, एक ब्रून, दो चाय!” गल्ल्यावरचा माणूस मान न वळवता तोंडाने बेरीज करतो आणि ती चुकत नाही. पण ऐकून घ्या. टेबल वाटून बसला असाल तर समोरच्याचा चहा कधीकधी तुमच्या हिशोबात येतो. तिथल्या तिथे सांगितलंत तर तो काही न बोलता कमी करतो. फोनवरून पैसे देता येतात हल्ली, तरी खिशात दहा-वीसच्या नोटा असू द्या, कारण वेटरची बक्षिसी हातातच द्यायची असते, गल्ल्यावर नाही.